सातवी माळ

रात्रीचे साडेअकरा. आमची छोटी मांजर शेवंती मांडीवर झोपली आहे. मोबाईलवर एक मिनिट लावून आत्ताच तिचे श्वास मोजले. 22. झोपेत 30 च्या आत असले तर घाबरायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय. दुसऱ्या माळेपासून मोजतेय. या वहीचं मागचं पान नुसत्या आकड्यांनी भरलंय.

शेवंतीने फॅनची वायर चावली ती संध्याकाळ डोळ्यांपुढून जात नाही. आई घटापुढे बसून तगरीची माळ ओवत होती, मी लॅपटॉपवर होते. उकाडा फार म्हणून टेबलफॅन खाली जमिनीवर लावलेला. फट् असा आवाज झाला, दिवे गेले आणि शेवंती किंचाळली. मी अंधारातच तिच्याकडे झेपावले. आई ओरडली, "हात लावू नकोस तिला! आधी मेन बंद कर!" आजोबा लाईनमन होते, हे वाक्य आईच्या अंगात लहानपणापासून मुरलंय. समईच्या उजेडात मेन खाली ओढला, फॅनची पिन काढली, मगच तिला उचललं. वायर तिच्या दातांत अडकून राहिली असती आणि एमसीबी (वीज आपोआप तोडणारा खटका) पडला नसता, तर ते 230 व्होल्ट तिच्यातून माझ्यातही आले असते.

खालच्या ओठाच्या कोपऱ्यात पिवळट-पांढरा डाग, जिभेचं टोक भाजलेलं. बाकी दिसायला काहीच नाही. म्हणून मी म्हटलं, सकाळी दाखवू. आईने ऐकलं नाही. तिचं बरोबर होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, भाजलेलं तोंड दिसतं तरी, खरी भीती छातीची. शॉक बसल्यावर फुप्फुसात पाणी धरू शकतं, आणि ते लगेच कळतं असं नाही, काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही कळतं. तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागली तर वाट न बघता घेऊन या. त्या रात्री मी आणि आई आळीपाळीने जागलो.

तपासताना डॉक्टरबाईंनी हलकेच तिचा ओठ वर करून दाखवला. एकाच जागी दोन सुळे! दुधाचा बारीक, सुईसारखा, आणि त्याच्या शेजारून वर येणारा नवा. मांजराला दुधाचे 26 दात असतात, ते तीन ते सहा महिन्यांत पडून 30 कायमचे येतात. मृग लागला तेव्हा ही जिन्याखाली सापडली, जेमतेम महिन्याची. म्हणजे आता पाच महिन्यांची. हिच्या हिरड्या शिवशिवत होत्या आणि मी महिनाभर तिला खोडकर म्हणत होते, दोनदा चापटही मारली होती. कुणीतरी सांगितलं म्हणून वायरींना मिरचीपूड चोळली होती. तिने तो पंजा डोळ्याला लावला आणि दिवसभर डोळा उघडला नाही. ते आठवलं की आजही पोटात कालवतं. संत्र्याचं, गवती चहाचं तेल लावायचंही मनात होतं. बाईंनी स्पष्ट नको म्हटलं. मांजराच्या यकृताला असली तेलं पचवता येत नाहीत, आणि अंगाला लागलेलं ती चाटतेच.

तिसऱ्या माळेला वायरमनकाकांना बोलावलं. भिंतीलगतच्या सगळ्या वायरी केसिंग-पट्टीत गेल्या. फॅनच्या वायरला टेप गुंडाळू का, असं मी विचारलं तर काका म्हणाले, "ताई, दात लागलेली वायर ठेवायची नाही." नवी घातली. राउटरच्या वायरीला बागेच्या नळीचा तुकडा उभा चिरून घातलाय. जाड, गुळगुळीत, तिचे दात त्यात रुततच नाहीत. चार्जर काम झालं की ड्रॉवरमध्ये. मोबाईलच्या चार्जरच्या वायरीत शॉक बसण्याइतकी वीज नसते, पण चावून गिळलेला तुकडा आतड्यात अडकू शकतो. आणि बोर्डावरचं बटण बंद करून पिन काढायची, ही सवय आता आम्हा दोघींना लागलीय.

पण नुसतं झाकून भागणार नाही, हे मला या चार दिवसांत कळलं. मी आठ-नऊ तास टेबलाशी. टेबलाखाली ही एकटी. माझ्या पायाच्या धक्क्याने हलणारी वायर ही दिवसभरात तिच्यासमोर हलणारी एकच गोष्ट! ती झडप घालणारच. आता जेवणाआधी दहा मिनिटं काठीला कापडाची चिंधी बांधून तिला घरभर पळवते. शेवटी चिंधी तिच्या हाती लागू देते, लगेच खायला देते. खाऊन, अंग चाटून ती जी झोपते, ती दोन-तीन तास उठत नाही. (काठी लगेच कपाटात जाते. दोरे गिळले तर तेही तितकंच वाईट.)

तोंड बरं झालं की गव्हाचं गवत चावायला द्या, असं बाई म्हणाल्या होत्या. आईने त्याच दिवशी घटासाठी आणलेल्या धान्यातले गहू निवडून भिजत घातले, वेगळ्या कुंडीत पेरले. ज्वारी एकही दाणा येऊ दिला नाही. कोवळ्या ज्वारीने गुरांना विषबाधा होते, हे तिला गावाकडचं ठाऊक. कुंडी खिडकीत ठेवत म्हणाली, "देवीचं देवीला, हिचं हिला."

आज दुपारी शेवंतीने मान वाकडी करून, दाढांच्या बाजूने त्यातली दोन पाती खाल्ली. ओठाची खपली निघालीय, खाली गुलाबी दिसतं. आणि संध्याकाळी केर काढताना सतरंजीवर तो दुधाचा सुळा सापडला, तांदळाच्या कणीएवढा. आईने कापसात गुंडाळून हळदीकुंकवाच्या डबीशेजारी ठेवलाय.

दिवाळीला दिव्यांच्या माळा यंदा गॅलरीच्या ग्रिलच्या बाहेरून लावायच्या, घरात पणत्याही उंच कोनाड्यात. फ्रिजमागची वायर अजून उघडी आहे, नळी हातभर कमी पडली. उद्या आठवी माळ. सकाळी जास्वंद आणायला जाईन, तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातून नळीही आणेन.

पुन्हा मोजले. 24.