बाबांच्या मृत्युपत्राचं प्रोबेट: माझा अनुभव

बाबा 2021 मध्ये गेले. दादरचा फ्लॅट, दोन बँकांतल्या ठेवी, थोडे शेअर्स आणि एक म्युच्युअल फंड, एवढं मागे होतं. 2009 मध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने दोन पानी मृत्युपत्र लिहून ठेवलं होतं: फ्लॅट आईला, ठेवी आणि शेअर्स आम्हा भावंडांना निम्मे-निम्मे, आणि एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारी व्यक्ती, म्हणून मी. घरात कुणाचंच दुमत नव्हतं. तरी सगळं मार्गी लागायला वर्ष उलटून गेलं.

सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी म्हणून दादाचं नाव होतं. सेक्रेटरींचं म्हणणं, नॉमिनी आहेच तर फ्लॅट त्याच्या नावावर करून टाका, कशाला कोर्टकचेरी? वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, "नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने तूर्त कुणाशी व्यवहार करायचा, एवढंच त्यातून ठरतं." (डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या नॉमिनीबद्दलही हेच म्हटलं.) दादा लगेच म्हणाला, "घर आईचं आहे. माझं नाव नको." त्याच्या या एका वाक्याने आमचं किती निभावलं, ते पुढे पावलोपावली कळत गेलं.

मुंबईतल्या घराबद्दल हिंदू माणसाने मृत्युपत्र केलं असेल तर त्याला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का, घेणं तेव्हा सक्तीचं होतं. भारतीय वारसा कायदा, 1925 चं कलम 213. पुण्यात केलेलं आणि पुण्यातल्याच घराचं मृत्युपत्र असतं तर ते लागलं नसतं. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने हे कलम काढून टाकलं, त्यामुळे आज सुरुवात करणाऱ्याने आपल्याला प्रोबेट लागणार का, हे वकिलांना पहिल्याच भेटीत विचारावं.

उच्च न्यायालयाच्या टेस्टामेंटरी (मृत्युपत्रांच्या) विभागात याचिका दाखल केली. सोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि मालमत्तेची किमतीसह यादी. कोर्ट फी किमतीवर ठरते, पण महाराष्ट्रात तिला 75,000 रुपयांची कमाल मर्यादा आहे. दादरच्या घरांच्या किमतींमुळे आम्ही ती गाठलीच. आई आणि दादाने संमतीची शपथपत्रं दिली, म्हणून त्यांना नोटीस काढावी लागली नाही. वारसांपैकी कुणी कॅव्हेट दाखल करून हरकत घेतली, की याचिकेचा दावा होतो आणि साक्षी, उलटतपासण्या सुरू होतात. ज्या घरात हे झालंय त्यांच्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं.

आमचं घोडं अडलं ते साक्षीदारापाशी. मृत्युपत्रावर सही करणाऱ्या दोन साक्षीदारांपैकी एकाचं तरी शपथपत्र लागतं. आमचे फॅमिली डॉक्टर बाबांच्या आधीच गेले होते. दुसरे साक्षीदार बाबांचे ऑफिसातले मित्र. मृत्युपत्रावरच्या पत्त्यावरची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिलेला, फोन बंद. निवृत्त सहकाऱ्यांकडे चौकशी करत करत अखेर ते नाशिकला मुलाकडे असल्याचं कळलं. वय पंच्याऐंशीच्या घरात. काकांनी चष्मा पुसला, कागद खिडकीशी नेला आणि सहीवर बोट ठेवून म्हणाले, "ही माझीच. तेव्हा मी शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढायचो." मग बाबांनी आधी सही केली, डॉक्टरांनी आणि त्यांनी नंतर, तिघेही एकाच टेबलापाशी बसले होते, हे त्यांनी न विचारता सांगितलं. शपथपत्रात नेमकं हेच हवं असतं: मृत्युपत्र करणाऱ्याने साक्षीदारांसमोर सही केली, साक्षीदारांनी त्याच्यासमोर केली, आणि तो शुद्धीवर, समजून-उमजून करत होता. काकाही गेले असते तर सह्यांचं अक्षर ओळखणारी माणसं शोधून मृत्युपत्र सिद्ध करावं लागलं असतं.

प्रोबेट हातात आल्यावर सोसायटी आणि बँकांची कामं भराभर झाली. एक म्युच्युअल फंड तेवढा उरला. तो बाबांनी 2014 मध्ये घेतला होता, म्हणून मृत्युपत्रात त्याचा उल्लेखच नव्हता. "याखेरीज माझी जी काही मालमत्ता असेल ती अमुकला" असं एक वाक्य असतं तर तो त्यात बसला असता. ते नसल्यामुळे हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तिघांत सारखा वाटला गेला.

म्हणून त्याच वकीलबाईंना गाठून आईचं मृत्युपत्र करून घेतलं. त्यांनी आईला एकटीला आत बसवलं, आम्हा दोघांना बाहेर. मला हे फार आवडलं. कुणाला काय द्यायचं ते तिचं तिने ठरवलं. पाटल्या आणि चपलाहार तर तिने वर्णनासकट वेगळे लिहायला लावले. उरलेल्या मालमत्तेबद्दलचं वरचं ते वाक्य आहे, माझ्यानंतर पर्यायी एक्झिक्युटर म्हणून माझी भाची आहे. साक्षीदार मुद्दाम चाळिशीतले निवडले, दोघांनाही त्यातलं काही मिळणार नाही अशा बेताने; त्यांचे कायमचे पत्ते आणि फोन नंबर लिहिले. सही करायच्या दिवशीच ती पूर्ण शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला घेतला. मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी नसते आणि नोंदणीही ऐच्छिक आहे, पण आम्ही दुय्यम निबंधकांकडे नोंदणी केली. तिथे आईचा फोटो आणि अंगठा घेतला. मूळ प्रत तिच्या कपाटात आहे, छायाप्रती दादाकडे आणि माझ्याकडे, आणि साक्षीदारांपैकी कुणी घर बदललं की मी नवा पत्ता प्रतीला जोडून ठेवते.