पन्नास अधिक पन्नास, साडेशहाण्णव

नवी मुंबईच्या रबाळे एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये ऑटोमॅटिक डेन्सिटी मीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजणारं मशीन आलं आणि त्याचं व्हॅलिडेशन, म्हणजे ते बरोबर मोजतं का याची पडताळणी, माझ्या गळ्यात पडलं. सर म्हणाले, "इथेनॉल-पाण्याचं आकुंचन काढून दाखव. छापील तक्त्यातल्या आकड्यांशी जुळलं की मशीन वापरात."

२० अंशांना ५० मिली इथेनॉलमध्ये ५० मिली पाणी घातलं तर शंभर भरत नाही, साधारण साडेशहाण्णव भरतं. कॉलेजात हे मेजरिंग सिलिंडरने करतात. पण मिसळताना मिश्रण तापतं, तापलं की फुगतं, आणि ते थंड होईपर्यंत मेनिस्कसकडे (द्रवाच्या वक्र पृष्ठभागाकडे) बघत बसायचं. मशीन आकारमान मोजतच नाही. यू आकाराच्या काचेच्या नळीत जेमतेम दोन मिली द्रव जातो, नळी थरथरते. द्रवाची घनता जितकी जास्त तितकी थरथर संथ. त्यावरून घनता कळते. वजनं आपण आधीच बॅलन्सवर घेतलेली असतात आणि मिसळल्याने वजन काही घटत नाही. एकूण वजनाला घनतेने भागलं की आकारमान हातात. पहिला असा डिजिटल मीटर १९६७ मध्ये आला, म्हणजे कल्पना तशी जुनीच.

जीव खाल्ला तो बुडबुड्यांनी. इथेनॉल आणि पाणी मिसळलं की दोघांत विरघळलेली हवा बाहेर पडते. नळीच्या वळणावर मोहरीहून बारीक एक बुडबुडा अडकला तरी घनता कमी दिसते, आणि घनता कमी म्हणजे आकुंचन कमी. नमुने आपोआप ओढून घेणारा ऑटोसॅम्पलर बिचारा व्हायलमागून व्हायल (छोट्या बाटल्या) ओढत राहतो. सर येता-जाता ओरडायचे, "अगं, आधी स्क्रीनवर नळी बघ, मग आकडा लिही!" शेवटी मिश्रणं झाकण घट्ट लावून मुरू दिली, मगच ट्रेमध्ये ठेवली. झाकण सैल राहिलं तर इथेनॉल उडून जातं, ते वेगळंच.

त्यात जुलै. अ‍ॅसिटोनने धुतल्यावर पंप नळीत हवा सोडून ती वाळवतो, आणि आपल्याकडची पावसाळी हवा म्हणजे ओलं फडकंच. नळी नीट वाळली का हे बघायला नुसत्या हवेची घनता मोजतात; ते कोरड्या हवेचं रीडिंग मिलीला ०.००१२ ग्रॅमच्या जागी जास्त यायला लागलं. पाण्याचं ०.९९८२ बरोबर होतं, म्हणून शंका वाळवणीवर गेली. पंपाच्या नळकांड्यातली, हवेतला ओलावा शोषणारी सिलिका जेल ओलावा भरून निळ्याची गुलाबी झाली होती. ती बदलली आणि रीडिंग जागेवर आलं.

चौथ्या दशांशापर्यंत आकडे तक्त्याशी जुळले. पाचवा स्क्रीनवर दिसतो, पण तो दर वेळी हलायचा, म्हणून रिपोर्टमध्ये घेतला नाही. सरांनी सही केली आणि खाली पेनने एक ओळ वाढवली: पावसाळ्यात एअर चेक (हवेचं रीडिंग) रोज सकाळी.