तीन पिढ्यांचं मेपल सिरप

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मार्च म्हणजे चिखल आणि वाफ. शेजारच्या घरात आता तिसरी पिढी मेपलच्या झाडांचा गोड रस आटवते. रात्री पाणी गोठलं आणि दिवसा ऊन पडलं, तरच रस वाहतो. साधारण 40 लिटर आटवून जेमतेम 1 लिटर सिरप! आजोबा बादल्या वाहायचे. नातीने झाडांमधून नळ्या ओढल्यात. ती आधी यंत्राने बरंचसं पाणी काढून टाकते, जळण वाचतं. आजोबांना हे अजून पटलेलं नाही. फेस चढला की दोघंही लोण्याचा थेंबच टाकतात म्हणा. मला हंगामाच्या शेवटचं गडद सिरप आवडतं. फिकट सोनेरीचं कौतुक जरा जास्तच होतं. कळ्या फुगल्या की चव बिघडते. मग झाडांना लावलेल्या तोट्या काढायच्या आणि भांडी घासायची. त्या दिवशी कुणीच हाताशी सापडत नाही.