पांबनला उतरा: ‘कडल ओसै’ ९०.४ ऐकायला जाणाऱ्यांसाठी

रामेश्वरला निघालेल्या गाड्या पुलावर फोटोपुरत्या रेंगाळतात आणि पांबन गाव मागे टाकतात. उतरायचं ते इथंच. ‘कडल ओसै’, म्हणजे समुद्राचा आवाज, हे मच्छीमारांचं सामुदायिक रेडिओ केंद्र २०१६ पासून रामेश्वरच्या बेटावर एफएम ९०.४ वर चालतं.

मदुराईहून रस्त्यानं साधारण १६० किलोमीटर, साडेतीन-चार तास. बसमध्ये चढतानाच कंडक्टरला ‘पांबन’ सांगा. रेल्वेनं आलात आणि गाडी पांबनला थांबली नाही, तर रामेश्वरहून बारा-एक किलोमीटर उलट यावं लागतं. केंद्रात न विचारता शिरू नका. आधी वेळ ठरवा आणि तमिळ येणारं कुणीतरी सोबत घ्या.

खिशात मावेल असा साधा एफएम रेडिओ न्या. पुष्कळ नव्या फोनांत एफएम नसतंच. असलं तरी वायरचे इअरफोन लागतात, कारण ती वायरच अँटेनाचं काम करते. सामुदायिक केंद्राला साधारण १०० वॉट प्रभावी शक्ती आणि ३० मीटरपर्यंतचा टॉवर एवढीच मुभा असते, त्यामुळे भरवशाची पोच दहा-पंधरा किलोमीटर. धनुष्कोडीच्या टोकाला हे केंद्र लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. तिथं फोन श्रीलंकेचं नेटवर्क पकडतो. रोमिंग आधीच बंद करा.

तमिळ येत नसेल तरी हवामानाच्या निवेदनातले थोडे शब्द ओळखता येतात. काट्रु म्हणजे वारा, अलै म्हणजे लाट. वाडै उत्तरेचा वारा, कोंडल पूर्वेचा, कच्चान नैर्ऋत्येचा. इथली खरी मेख अशी की बेटाच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर आणि दक्षिणेला मन्नारचं आखात. कच्चान सुटला की दक्षिण बाजू खवळते, वाडै सुटला की उत्तर. ‘रामेश्वरचा समुद्र’ असा एकच अंदाज होडीवाल्याच्या कामाचा नाही. कोणत्या बाजूचा, हे कळलंच पाहिजे. मोठ्या केंद्रांना एवढं बारीक सांगायला सवड नसते, म्हणून हा छोटा रेडिओ मोलाचा.

१५ एप्रिल ते १४ जून या ६१ दिवसांत पूर्व किनाऱ्यावर ट्रॉलर बंद असतात (आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै). तेव्हा माणसं निवांत भेटतात, पण ऊन भाजून काढतं. धक्क्यावरची वर्दळ पाहायची तर जानेवारी-फेब्रुवारी बरा.

कोकणात असं केंद्र काढायचं मनात असेल तर स्टुडिओपेक्षा टॉवरकडे लक्ष द्या. खारा वारा आधी कनेक्टर खातो. सांध्यातून ओल कोॲक्स केबलमध्ये, म्हणजे ट्रान्समीटरपासून अँटेनापर्यंतच्या केबलमध्ये, उतरते, अँटेनाकडून ट्रान्समीटरवर परत येणारी शक्ती वाढते, मग यंत्र स्वतःला वाचवायला आउटपुट घटवतं आणि दूरच्या होडीवर नुसती खरखर ऐकू येते. रोज या परत येणाऱ्या शक्तीचा आकडा वहीत लिहा; चढू लागला की पहिल्यांदा अँटेनाजवळचा सांधा उघडा, पुसून कोरडा करा आणि स्वतःला चिकटणारी रबरी टेप खालून वर गुंडाळा, म्हणजे पाणी घड्यांत शिरत नाही. टॉवरवर चढण्याआधी ट्रान्समीटर बंद, आणि त्याची किल्ली चढणाऱ्याच्याच खिशात.