टोपिरामेट (अर्धशिशी म्हणजे मायग्रेन टाळायची रोजची गोळी) घेताना मला काय काय झालं (माझा अनुभव)

मला अर्धशिशीचा त्रास कॉलेजपासून आहे, आता वय ३४. नागपूरला एका शाळेत मराठी शिकवते. गेल्या दिवाळीनंतर महिन्यातले १३-१४ दिवस डोकं दुखायला लागलं, एका बाजूने ठणका, उजेड सहन होत नाही, फोडणीचा वास आला की मळमळ, आणि दुखलं की मेडिकलमधून आणलेली गोळी घ्यायची असं महिन्यात बारा दिवस तरी व्हायचं. शेवटी न्यूरोलॉजिस्टकडे गेले तर त्यांनी पहिलं हेच विचारलं की पेनकिलर महिन्यात किती दिवस घेता. साधी पेनकिलर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि कॉम्बिनेशनवाली (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) किंवा ट्रिप्टान (मायग्रेन उठल्यावर घ्यायची खास गोळी) १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढत जाते. इतक्या वर्षांत मला हे कोणीच सांगितलं नव्हतं हो! आणि माझी गोळी कॉम्बिनेशनवालीच होती.

मग दुखणं येऊच नये म्हणून रोज घ्यायची गोळी सुरू करायचं ठरलं. कोणती, ते लगेच नाही ठरलं. लहानपणी दमा होता म्हटल्यावर प्रोप्रानोलॉल ही गोळी बाद, दमेकऱ्यांना ती चालत नाही. फ्लुनारिझिन ही दुसरी तशीच गोळी मी दोन वर्षांपूर्वी घेतली होती, तेव्हा वजन सहा किलो वाढलं, दिवसभर पेंग यायची आणि मन सारखं उदास असायचं, पण हे गोळीमुळे असेल असं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, त्यांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं. म्हणून टोपिरामेट. त्याआधीही प्रश्न होतेच, मुतखडा झालाय का, काचबिंदू आहे का, कधी डिप्रेशन होतं का, आणि बाळाचा विचार आहे का. आमचा दुसऱ्या बाळाचा विचार चालू होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ही गोळी चालू असताना दिवस राहिले तर बाळाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेला असण्याचा आणि बाळाची वाढ कमी होण्याचा धोका वाढतो, युरोपातल्या औषध नियामकांनी २०२३ मध्ये यावर आणखी कडक नियम सुचवलेत. घरी येऊन आम्ही दोघं रात्री उशिरापर्यंत बोललो आणि वर्षभर थांबायचं ठरवलं. प्रेग्नन्सी टेस्ट करून, गर्भनिरोधकाचं नक्की करून मगच गोळी सुरू केली. बायकांनो, हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला नाही तर तुम्ही स्वतः काढा, प्लीज.

मेडिकलवाला म्हणाला ही तर फिटची गोळी आहे. सासूबाईंनी ते ऐकलं आणि घाबरल्या, अगं तुला फिट कधी आल्या? खरं तर हे औषध आधी फिटसाठीच आलं, मग अमेरिकेत २००४ मध्ये मायग्रेन टाळण्यासाठीही मंजूर झालं. हे समजावून सांगितल्यावर त्या शांत झाल्या, पण माझी जाऊबाई असती तर तिने भीतीने गोळी परतच केली असती.

डोस हळूहळू वाढवायचा होता. पहिला आठवडा रात्री २५ मिलिग्राम, मग दर आठवड्याला २५ वाढवत १०० पर्यंत, सकाळी ५० रात्री ५०. पाचव्या दिवसापासून बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या, लिंबूसोडा प्यायले तर चव पार बेकार, नुसतं कडवट पाणी वाटलं. डॉक्टर म्हणाले, शरीरातलं एक एन्झाइम ही गोळी दाबते, मुंग्या त्यामुळेच, सोड्याची चव त्यामुळेच, आणि मुतखड्याचा धोकाही त्याच्यामुळेच वाढतो, म्हणून पाणी भरपूर प्या आणि रक्तातलं बायकार्बोनेट तपासून घ्या (रक्तात आम्ल वाढलंय का ते त्यावरून कळतं). कारण कळल्यावर मुंग्यांची भीती गेली.

मात्र पहिल्या महिन्यात नजर अचानक धूसर झाली किंवा डोळा दुखला तर वाट बघत बसायचं नाही, लगेच डॉक्टरांना कळवायचं असं त्यांनी बजावून सांगितलं होतं, डोळ्यातला दाब एकदम वाढू शकतो. तिसऱ्या आठवड्यात मला दुपारी फळ्यावरचं अंधुक दिसायला लागलं, डोळाही ठणकत होता. मायग्रेनच असेल असं वाटत होतं तरी फोन केला आणि त्याच संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन दाब तपासला. नॉर्मल निघाला. तरी गेले ते बरंच केलं, पुन्हा झालं तर पुन्हा जाईन.

सगळ्यात वाईट होतं ते शब्द हरवणं. १०० वर गेल्यावर दुखण्याचे दिवस महिन्यात पाचावर आले, आणि त्याच सुमारास वर्गात बोलता बोलता मी अडकायला लागले. नववीला समास शिकवत होते आणि 'विग्रह' हा शब्दच आठवेना. तोंडाशी यायचा आणि परत जायचा. मुलं वाट बघत बसली, एका मुलीने हळूच सांगितला. घरी येऊन रडले मी. आणि चूक काय केली, तर तीन आठवडे कोणाला बोलले नाही, कारण डोकं दुखायचं थांबलं होतं आणि डॉक्टर गोळी बंद करतील ही भीती. सांगितलं तेव्हा ते म्हणाले हे या गोळीचं माहितीतलं दुखणं आहे, डोस कमी करून बघू. सकाळी २५, रात्री ५०. दोन आठवड्यांत शब्द परत आले, आणि डोकेदुखी पाचाची सहा झाली एवढंच. मी वहीत रोज लिहीत होते म्हणून हे इतकं नेमकं सांगता आलं, तारीख, दुखलं का, पेनकिलर घेतली का, आज काय वेगळं वाटलं.

मग आला मे महिना. या गोळीने घाम कमी येतो, आणि आमच्याकडे पारा ४५ ला जातो, घाम नाही तर अंग थंड होणार कसं? दुपारी बाहेर जाणं बंद केलं, लग्नाला गेले तरी कूलरजवळच बसले, पाण्याची मोठी बाटली कायम सोबत. एका लग्नात गोळ्या घरी राहिल्या तर ह्यांना रात्री परत पाठवून मागवल्या, कारण एकदम बंद करायची नाही हे पक्कं लक्षात होतं.

आता आठ महिने झालेत. वजन चार किलो कमी झालंय, मुंग्या अधूनमधून येतात. पुढच्या व्हिजिटला डोस उतरवायला सुरुवात करणार आहोत, थोडा थोडा करत, आणि शेवटच्या गोळीनंतर किमान महिनाभर तरी गर्भनिरोधक सोडायचं नाही असं सांगितलंय. बाळासाठी फॉलिक ॲसिड कधीपासून आणि किती घ्यायचं, आणि तेव्हा डोकं दुखलं तर कोणती गोळी चालेल, हे दोन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत.