तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रिगरच्या एवढं मागे का लागायचं?

"खराब घटना विश्लेषणात गाळता येतातच. मग ट्रिगरमध्ये काही विचित्र दिसलं की तुम्ही बीमचा वेळ का घालवता?" सहकारी विचारतात, विद्यार्थी विचारतात, खर्चाचा हिशेब बघणारे तर विचारतातच. आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय संपवत आले. आज नीट सांगते. घटना म्हणजे कणांची एखादी टक्कर किंवा क्षय, बीम म्हणजे प्रयोगाला मिळणारा कणांचा झोत, आणि ट्रिगर म्हणजे कुठली घटना नोंदवायची हे क्षणात ठरवणारी यंत्रणा.

विश्लेषणात गाळायला घटना आधी नोंदली गेलेली असावी लागते. सर्नच्या सीएमएस या मोठ्या प्रयोगात दर २५ नॅनोसेकंदांनी कणांचे पुंजके एकमेकांतून जातात आणि ट्रिगरची पहिली पातळी सेकंदाला जेमतेम १ लाख घटना पुढे सोडते. बाकीच्या कायमच्या गेल्या. २०१६ आणि २०१७ मध्ये तिथल्या एन्डकॅप कॅलरीमीटरचे (दोन्ही टोकांना बसवलेल्या, कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाचे) सिग्नल वेळेत किंचित सरकले होते. ट्रिगर काही सिग्नल आधीच्या क्रॉसिंगच्या, म्हणजे पुंजके एकमेकांतून जाण्याच्या आदल्या क्षणाच्या, नावावर टाकू लागला. लागोपाठच्या क्रॉसिंगना ट्रिगर द्यायचा नाही असा नियम, त्यामुळे चुकीच्या क्षणाने खरा क्षण अडवला. चांगल्या घटना स्वतःच्याच सिग्नलमुळे बाद झाल्या. अशा घटना डेटात शोधून सापडत नाहीत. त्या तिथे नसतातच. तुमच्या "नंतर गाळू"ला माझं उत्तर एवढंच आहे.

पण खरं सांगायचं तर माझा हट्ट सीएमएसमुळे आलेला नाही. तो एका लहान प्रयोगातला आहे. दोन सिंटिलेटर (कण गेला की चमकणारे पदार्थ), दोन फोटोमल्टिप्लायर (ती चमक विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या नळ्या), कोइन्सिडन्स (दोन्हींकडून एकाच वेळी सिग्नल आला तरच ट्रिगर), आणि थांबलेल्या म्युऑनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड, अल्पायुषी भावंडाच्या, क्षयातून येणारा इलेक्ट्रॉन पकडायचा. लागोपाठच्या दोन ट्रिगरमधल्या अंतराचा आलेख मी रोज काढायची. कुठल्याही ट्रिगरची तब्येत कळायला याच्याइतकं चांगलं साधन मला माहीत नाही. घटना स्वतंत्र असतील तर आलेख घातांकी उतरतो. विजेच्या लाइनचा उपद्रव असेल तर २० मिलिसेकंदांवर टोक येतं. म्युऑनचा क्षय २.२ मायक्रोसेकंदांचा उतार दाखवतो. एका रात्री ३०० नॅनोसेकंदांवर एक उंचवटा आला. आदल्या दिवशी तो नव्हता.

वरिष्ठांचं म्हणणं सरळ होतं: डेड टाइम, म्हणजे एका ट्रिगरनंतर पुढचा न स्वीकारण्याचा काळ, १० मायक्रोसेकंद करा, उंचवटा जाईल, काम चालू ठेवा. उंचवटा गेलाच असता. त्याच्याबरोबर आम्ही ज्यांच्यासाठी आलो होतो ते इलेक्ट्रॉनही जवळजवळ सगळे गेले असते. मी अडून बसले. १ मायक्रोसेकंदावर भागवू, असाही तोडगा निघाला. तोही मी मानला नाही, कारण उंचवटा कशाचा हे कळल्याशिवाय त्याची शेपूट कुठे संपते हे कसं ठरवायचं?

बीम थांबवला. सिग्नल केबलच्या टोकाला आपटून परत येतो का, हे पाहायचं होतं. नळ्यांपासूनच्या केबल ३० मीटरच्या होत्या आणि मीटरला साधारण ५ नॅनोसेकंद लागतात, जाऊन-येऊन ३००. दोन्ही केबल मुद्दाम सारख्या लांबीच्या घेतल्या होत्या, म्हणजे परावर्तित सिग्नलही दोन्हींकडून एकाच वेळी परत येणार आणि कोइन्सिडन्समधून सुखरूप पार होणार. दोन्हींत १० मीटर वाढवले, उंचवटा ४०० वर गेला. डिस्क्रिमिनेटरच्या (ठरावीक उंचीवरचेच सिग्नल पुढे सोडणाऱ्या उपकरणाच्या) टोकाचे, सिग्नल परतू न देणारे ५० ओहमचे टर्मिनेटर बदलले, तो बसला.

इथे गोष्ट संपली असती तर मी हे लिहिलंच नसतं. ४०० वरचा बसल्यावर त्याच्या सावलीत दडलेला दुसरा, बारीक उंचवटा दिसला. केबल बदलून तो हलेना. व्होल्टेज वाढवलं की वाढे. नळीतल्या उरल्यासुरल्या वायूच्या आयनांमुळे होणारं आफ्टरपल्सिंग, म्हणजे खऱ्या सिग्नलमागून उमटणारा खोटा सिग्नल, असं सगळे म्हणाले, मीही म्हटलं. पण एका नळीत ते होईल. दोन नळ्यांत एकाच क्षणी, पुन्हापुन्हा? हे कुणालाच पटेना. तोवर आमचा बीमचा वाटा संपला. ज्या विद्यार्थिनीचा प्रबंध त्या रनवर उभा होता तिला पुढच्या वाटपापर्यंत थांबावं लागलं. तिने मला कधी बोल लावला नाही. त्याने मला बरं वाटलेलं नाही.

तेव्हाची मी ठामपणे म्हणायची: कारण कळेपर्यंत काहीही झाकायचं नाही. आताची मी तिला विचारते, एक कारण सापडलं होतं, दुसऱ्यासाठी त्या मुलीचा वेळ देण्याचा अधिकार तुला कुणी दिला? ती म्हणते, पहिल्यावर समाधान मानलं असतं तर दुसरा दिसलाच नसता. दोघींचंही खरं आहे.

हल्ली मी मधला मार्ग सुचवते. डेड टाइम हवा तेवढा लावा, पण हजारात एक ट्रिगर त्याला न जुमानता नोंदवा, म्हणजे काय झाकलं गेलं ते निदान पाहता येईल. बहुतेक जण याला लगेच हो म्हणतात. माझं समाधान होत नाही. लाखात एकदा येणारी गोष्ट हजारात एकाच्या नमुन्यात सापडायला किती बीम लागेल, हे गणित मीच त्यांच्यासमोर मांडते, आणि मग पुन्हा तोच प्रश्न येतो: एवढं मागे का लागता?