आमची वाटचाल : कारवीत टिकणारी सॅक

बाकीच्यांचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, आमचं परतीचा पाऊस थांबल्यावर. घट बसले की रेंज ट्रेकवाले, म्हणजे डोंगररांगेतून गडागडांनी चार-पाच दिवस चालणारे, तारखा पक्क्या करतात, कोजागरी झाली की निघतात, आणि दिवाळीपर्यंत आमच्या सॅक शिवायच्या वर्कशॉपमधलं एकही मशीन थांबत नाही. राजगड ते रायगड किंवा हरिश्चंद्रगडावरून कात्राबाईच्या खिंडीतून रतनगड अशी चाल ज्यांनी सगळा शिधा-सामान पाठीवर घेऊन केली आहे, त्यांना हाच काळ का निवडायचा हे सांगायला नको. गडांवरची टाकी काठोकाठ असतात, हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, पठारावर सोनकी फुललेली असते. पण गवत छातीएवढं उभं असतं आणि पावसात बुजलेल्या वाटा अजून पायांनी मळलेल्या नसतात. पाणी आहे, वाट नाही. फेब्रुवारीत बरोबर उलटं होतं.

सॅकची खरी परीक्षा या दिवसांत होते. पावसाळ्यातल्या एका दिवसाच्या ट्रेकला कुठलीही पिशवी चालते. चार-पाच दिवसांचं ओझं घेऊन कारवीच्या, म्हणजे डोंगरउतारावरच्या उंच दाट झुडपांच्या, रानातून कोपर मारत निघालात की शिवण बोलायला लागते.

आम्ही पुण्यात सॅक शिवतो. तयार माल आणून लेबल लावत नाही, शिवतो. नव्वदच्या दशकात सुरुवात केली तेव्हा ट्रेकची सॅक म्हणजे जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी मिळणारी मिलिटरीची कॅनव्हासची पिशवी, नाहीतर कुणाच्या तरी परदेशातल्या भावाने आणलेली, बाहेरून अॅल्युमिनियमची फ्रेम असलेली सॅक. कॅनव्हास भिजला की उचलवत नसे. फ्रेमवाली सॅक कारवीत शिरली की दोन्ही बाजूंनी अडकून माणसाला मागे ओढी. मी कॉलेजपासून डोंगरात हिंडत होतो, त्यामुळे काय हवं ते मला कळत होतं. शिवायचं कसं ते मास्तरांना कळत होतं.

मास्तर तेव्हा ट्रकच्या ताडपत्र्या शिवत. गडावर ते कधी गेले नाहीत आणि जायची हौसही नव्हती. पण कापडावर ताण कुठून येतो आणि कुठे जातो, हे त्यांच्या हाताला कळायचं. मी पहिली सॅक कागदावर काढून नेली तेव्हा त्यांनी चित्र बाजूला सारलं आणि विचारलं, "उचलताना कुठं धरणार?" मी म्हटलं, वर लूप आहे ना, त्याला. "नाही. गडी दमला की एका पट्ट्याला धरून हिसका देतो आणि पाठीवर टाकतो. तिथं आधी शिवू. बाकीची पिशवी मग बघू." भांडवल माझं, मशीन त्यांचं, अशी आमची भागीदारी झाली. कागदावर सही कुणीच केली नाही आणि तशी वेळही आली नाही.

त्यांनी तेव्हा बसवलेली पद्धत आम्ही आजही बदललेली नाही. खांद्याचा पट्टा खाली जिथे सॅकला येऊन मिळतो, तिथे बहुतेक सॅकमध्ये वेबिंग, म्हणजे पट्ट्याची विणलेली जाड फीत, नुसतं बाजूच्या शिवणीत दाबलेलं असतं. आम्ही तिथे कापडाचा दुहेरी त्रिकोण देतो, वेबिंग त्याच्या आत दोन इंच घेतो, वरून चौकट, चौकटीत फुली, आणि शिवणीवर बारटॅक, म्हणजे एकाच जागी मागेपुढे घातलेली दाट पक्की टीप. दोरा बॉन्डेड नायलॉनचा, टाके इंचाला आठ. नवा कारागीर आला की टाके दाट घालतो, त्याला वाटतं मजबुती वाढली. जाड कापडात टाके दाट झाले की सुईची भोकं जवळजवळ येतात आणि ताण पडल्यावर कापड पोस्टाच्या तिकिटासारखं त्याच रेषेत फाटतं. दोरा शाबूत राहतो, कापड जातं. हे मास्तरांनी प्रत्येक नव्या मुलाला फाटका तुकडा हातात देऊन शिकवलं.

आमच्या सॅकला दुसरे गुरू लाभले ते म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक काका. नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही. दरवर्षी कोजागरी झाली की ते गुंजवण्यातून राजगड चढतात, संजीवनी माचीवरून उतरून धारेधारेने तोरण्याच्या बुधला माचीला लागतात, पुढे भट्टी, मोहरी ही गावं, रायलिंगाचं पठार, आणि बोराट्याच्या नाळेतून, म्हणजे धोंड्यांनी भरलेल्या उभ्या घळीतून, कोकणात उतरून रायगड. घरी आले की सॅक आमच्याकडे. जिथे जिथे त्रास झाला तिथे सेफ्टी पिनने चिठ्ठी टोचलेली. "उजवा खिसा. नाळेत वाकलो, बाटली गेली." "टोपणाचं बकल. बोटं गार पडली की उघडत नाही." "कमरेचा पट्टा. घाम आल्यावर सैल होत जातो."

बोराट्याची नाळ ज्यांनी उतरली आहे त्यांना पहिल्या चिठ्ठीचा अर्थ लगेच कळेल. धोंड्यांवरून बसत, वळत, हात टेकत उतरताना माणूस पुढे झुकतो आणि सरळ खिशातली बाटली निसटते. राजगड-तोरण्याच्या धारेवर वाटेत पाणी नाही, वर ऑक्टोबरचं ऊन. तिथे एक बाटली जाणं म्हणजे गंमत नाही. आम्ही खिशाचं तोंड पुढच्या बाजूला तिरकं केलं, खोली वाढवली आणि इलॅस्टिकऐवजी आवळायची दोरी दिली. तो तिरका खिसा ही आमची ओळख झाली.

दुसरी एक चिठ्ठी पाठीवर होती : "कुसळं." एवढंच. तेव्हा सगळ्यांना परदेशी सॅकसारखी जाळीची पाठ हवी असायची, वारा खेळतो म्हणून. आपल्या डोंगरात दसरा-दिवाळीला कुसळी गवत पिकलेलं असतं. कुसळाच्या मागचा पिळदार शेपटा ओल लागली की उलगडतो, वाळला की परत पिळतो, आणि टोक हळूहळू आत शिरत जातं. मातीत बी रोवून घ्यायची ती त्याची सोय आहे, पण जाळीत अडकलेलं कुसळ घामाने भिजलेल्या सदऱ्यातही तसंच शिरतं. काकांनी एक रात्र मोहरीत चिमट्याने कुसळं काढत घालवली होती. त्या वर्षीपासून आमच्या सॅकची पाठ गुळगुळीत कापडाची आहे आणि वाऱ्यासाठी फोमला मध्ये उभी चर आहे. दुकानात बघणाऱ्याला ती जुनाट वाटते. वाटू दे.

मधली बरीच वर्षं चांगली गेली. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं विशेष नाही.

आता 2016. एका संस्थेने दिवाळीनंतरच्या मोठ्या मोहिमेसाठी सॅकची घाऊक ऑर्डर दिली. इतक्या वर्षांचा संबंध, नेहमीप्रमाणे शब्दावर. त्यांच्या मागणीप्रमाणे नमुन्याची सॅक पाठवली, पसंत आहे असा निरोप आला. आम्ही व्यापाऱ्याकडून उधारीवर कापडाचे तागे उचलले, बकलं-चेन मागवल्या, कटिंगही सुरू केलं. आमच्याकडे बकलं आणि चेन पुरवणारा एक माणूस होता. घरात चहा पिऊन जाणारा. त्याचं त्या संस्थेतही जाणं-येणं होतं. त्याने ती नमुन्याची सॅक मिळवली, घरी नेऊन उसवली, तुकडा तुकडा कागदावर ठेवून फर्मे काढले आणि संस्थेला निम्म्या दराचा भाव दिला. बिल नको असेल तर त्याहून कमी.

आम्हाला कुणी कळवलं नाही. फोन उचलणं बंद झालं. त्यातच 8 नोव्हेंबरला नोटाबंदी. आमच्याकडे कारागिरांचा पगार आठवड्याला, रोख. ऐन सीझनमध्ये गिऱ्हाईक दारात यायचं, सॅक हातात घेऊन बघायचं आणि "सुट्टे आले की येतो" म्हणून जायचं. कापलेल्या पाठी, खिसे, टोपणं पोत्यांत भरून पोटमाळ्यावर गेली.

मोहिमेचे फोटो मी दुसऱ्याच्या मोबाईलवर बघितले. रांगेने चाललेली पोरं आणि प्रत्येकाच्या पाठीवर तिरक्या तोंडाचा खिसा. काकांची बाटली नाळेत गेली म्हणून जन्मलेला तो खिसा. कापड हलकं होतं, रंग आमचाच. त्याने दिसतं ते सगळं उचललं होतं. त्रिकोणाच्या आत दोन इंच वेबिंग असतं ते बाहेरून दिसत नाही, आणि उसवताना त्याला ते नको तितकं महागडं वाटलं असणार. त्या सॅकमध्ये वेबिंग शिवणीत अर्धा इंच होतं, साध्या दोऱ्याने, बारटॅकशिवाय.

धारेवरच पट्टे सुटायला लागले. पोरांनी सुतळीने बांधून, एकमेकांत सामान वाटून घेऊन मोहीम निभावली. जखमी कुणी झालं नाही हे नशीब. पण सॅक दिसायला आमची. महिन्याभरात पुण्यात बोललं जायला लागलं की यांच्या सॅक उसवतात. पैसे बुडाल्याचं मी विसरलो असतो. ही गोष्ट मला आजही सहन होत नाही. ज्या जागेवर मास्तरांनी आयुष्य घातलं, नेमक्या त्याच जागेवरून आमचं नाव गेलं.

पुढच्या उन्हाळ्यात कापडवाल्याचा तगादा लागला. 2017 च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा आमच्या मालावर 28 टक्के लागला. बिल देऊन विकणाऱ्याची सॅक आणखी महाग झाली. बारटॅकचं मशीन विकायचं असं मी ठरवलं, त्यालाच बाजारात भाव होता. मास्तर म्हणाले, "माझं मशीन विका. बारटॅक गेलं तर आपण पिशव्या शिवणारे उरू." ज्या मशीनवर त्यांनी ताडपत्र्या शिवल्या, आमची पहिली सॅक शिवली, ते त्यांनी स्वतः पुसून, तेल घालून टेम्पोत चढवलं. त्या दिवशी दोघंही जेवलो नाही.

काका त्या वर्षी दसऱ्याआधीच आले. चिठ्ठी नव्हती, बकल बदलायचं होतं. कारागिरांच्या रिकाम्या जागा बघून त्यांनी काय झालं ते विचारून घेतलं. आठवड्याभरात ते परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर त्या मोहिमेतली चार पोरं होती, हातात त्या उसवलेल्या सॅक घेऊन. काका म्हणाले, "यांच्यासमोर उघडा." मी आमची एक सॅक आणि त्यांची एक सॅक टेबलावर ठेवली आणि मास्तरांनी दोन्हींचा त्रिकोण ब्लेडने सोडवला. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. एका मुलाने आमच्या त्रिकोणातलं वेबिंग दोन्ही हातांनी ओढून बघितलं, मग पाय लावून ओढून बघितलं.

त्या सगळ्या सॅक आम्ही दुरुस्त केल्या. रीतसर मजुरी घेऊन. पोरांनी आपापल्या कॉलेजात सांगितलं आणि दुरुस्तीची रांग लागली. काकांच्या चालणाऱ्या मंडळींनी नव्या सॅकचे पूर्ण पैसे आधी दिले, त्यातून पोटमाळ्यावरची पोती खाली आली आणि कापलेला माल शिवून झाला. नोव्हेंबरात जीएसटी 18 टक्क्यांवर आला. त्या संस्थेकडून आजतागायत ना पैसे आले ना चुकलं असा एक शब्द. तो माणूस हा धंदा सोडून गेला. समोर दिसला तर मी बाजूने निघून जातो.

2020 चा लॉकडाऊन त्यामानाने सोपा गेला, कारण तेव्हा सगळेच बंद होते आणि कुणी कुणाचं नाव खराब करत नव्हतं. मास्तर आता सुईत दोरा ओवू शकत नाहीत. कटिंग त्यांची सून बघते. ती एका ताग्यात पूर्वीपेक्षा एक सॅक जास्त बसवते आणि कापडाची आडवी-उभी वीण चुकू देत नाही.

सॅक घेणाऱ्यांनी लिटर बघून घेऊ नये, पाठ मोजून घ्यावी. मान खाली घातल्यावर जो मणका वर येतो तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंत टेप लावा. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते. ओझं कमरेवर यायला हवं, खांद्यांनी फक्त सॅक पाठीला धरून ठेवायची. 70 लिटरची सॅक घेतली की ती भरली जातेच. चार-पाच दिवसांच्या रेंजला 50 च्या आसपास पुरते. वजन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यात ठेवा, म्हणजे साठ किलोच्या माणसाने बारा किलो, आणि त्यात पाणी धरा, लिटरला किलो. झोपायची पिशवी तळाला, तांदूळ-डाळ-स्टोव्ह पाठीला लागून मधोमध, बाहेर काहीही लटकवू नका. लटकवलेला मग कारवीत आधी अडकतो आणि मग तुमचा तोल घेतो.

आणि पावसाळ्यात सॅक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका. आतलं पाणी अडवणारं पीयूचं (पॉलियुरेथेनचं) कोटिंग दमट हवेत चिकट होतं, मग पापुद्रे सुटतात. ते आम्हाला परत लावता येत नाही. मशीनमध्ये धुऊ नका. ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, बकलं उघडी ठेवून खुंटीला टांगा.

दुरुस्ती कुठल्याही कंपनीच्या सॅकची करतो. यंदा कोजागरीनंतर निघणार असाल तर सॅक घटस्थापनेच्या आधी आणून टाका. त्यानंतर आलेल्या दिवाळीपूर्वी होतील असा शब्द देत नाही. खिसे रिकामे करून आणा, आणि जिथे त्रास झाला तिथे चिठ्ठी टोचा.